बिलांवरून एसीचे युनिट वेगळे कसे काढायचे?

पावशेर: दोन वर्षांची वीजबिलं एक्सेलमध्ये भरली आहेत. मीटर एकच, एसी दोन, दोन्ही जुने. उन्हाळ्याच्या बिलातून थंडीचं वजा केलं की उरतं ते एसीचं, असं धरलं. पण दोन उन्हाळ्यांचे आकडे जुळत नाहीत. इन्व्हर्टर एसी घ्यायचा की नाही हे ठरवायचंय. वेगळा मीटर न लावता काही मार्ग?

उंटावरचा: बिलं किती दिवसांची? 28 आणि 34 दिवसांची बिलं शेजारी ठेवली तर घोळ होणारच. रोजचे युनिट काढा. अंदाजे रीडिंगचं बिल पुढच्यात मिळवून टाका.

मग तापमान. महिन्याच्या नावावर जाऊ नका, बिलाच्या तारखांमधलं रोजचं सरासरी तापमान घ्या. आधार, म्हणजे ज्याच्या वर गेलं की थंडावा लागतो ते तापमान, समजा 24 अंश. दिवसाची सरासरी 31, तर 7 कूलिंग डिग्री-डे. सरासरी 22, तर शून्य (उणे 2 नाही, मी हे केलंय!). बिलातल्या सगळ्या दिवसांच्या डिग्री-डेंच्या बेरजेला दिवसांनी भागा, ते आडव्या अक्षावर, रोजचे युनिट उभ्यावर, आणि रेषा काढा. ती उभ्या अक्षाला छेदते तो बारमाही वापर, चढ तो थंडाव्याचा. आधार 20 पासून 27 पर्यंत सरकवत न्या, रेषा सगळ्यात चपखल बसेल तो ठेवा. पुस्तकातला 18.3 अंशांचा आधार डोळे झाकून घेऊ नका. बिलं आणि तापमान असंच जुळवणाऱ्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘प्रिझम’ पद्धतीतही आधार घरागणिक बिलांवरूनच काढतात.

फ्यूजउडाली: गिझर आहे का? मग थंडीचं बिल वजा करणंच चूक, एसी कमी दिसणार. ती बिलं रेषेतून वगळा. शिवाय चढात पंखे आणि फ्रिजही येतात. दमट हवेत त्याच तापमानाला एसी जास्त खातो, म्हणून ठिपके थोडे विखुरणारच.

पडताळा मीटरच्या लाल दिव्यावर घ्या. माझ्या मीटरवर 3200 इम्प लिहिलंय, म्हणजे 3200 लुकलुकींना एक युनिट. एसी बंद असताना मिनिटाला 18 मोजल्या, कॉम्प्रेसर चालू झाल्यावर 98. फरक 80, म्हणजे दीड किलोवॉट.

पावशेर: गिझर आहे! ती बिलं काढली, आधार 25 ला रेषा बसली. पहिल्या उन्हाळ्यातलं एकच बिल रेषेच्या बरंच खाली राहतंय. घरात विचारलं तर म्हणे, तेव्हा बारा दिवस घराला कुलूप होतं.