अंतराळातल्या सैनिक मुलीचं चिलखत कसं शिवू?

प्रश्न (देवळाली कॅम्प, नाशिक):
वडिलांपासून आमच्याकडे वर्दी शिवतात. आता कॉलेजच्या एकांकिकेसाठी परग्रहावरची तुकडी सजवायचीय, प्रयोग कालिदास कलामंदिरात. दिग्दर्शकाच्या चित्रात मुलांना गळ्यापासून बुटापर्यंत चिलखत, मुलींचं पोट उघडं आणि टाचा उंच. गोळी पोटाला लागत नाही का? माझा हात धजत नाहीये. काय सांगू त्याला?

उत्तर १:
ताई, त्याला ‘एलियन्स’ (१९८६) हा सिनेमा दाखवा. त्यातली सैनिक वास्केझ पुरुषांसारखंच चिलखत घालते, आणि लक्षात तीच राहते. छातीला उभार देणारा पत्रा तर नकोच, मधल्या खोबणीतून घाव थेट छातीच्या हाडाकडे वळतो.

उत्तर २:
पण सरसकट पुरुषी मापही नको हं. मार्च २०१९ मध्ये नासाचा पहिला फक्त महिलांचा स्पेसवॉक हुकला, कारण दोघींना लागणारा स्पेससूटचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. शेवटी ऑक्टोबरात झाला.

प्रश्नकर्ती:
पटलं. कापड तेच, खिसे तेवढेच. मुलींची पाठ आखूड बेतते, खांद्याची शिवण अर्धा इंच आत, कंबरेखाली घेर जास्त. उद्या तालमीत घालून सरपटायला लावते. काखेत काचलं तर उसवून पुन्हा शिवेन.