मदत हवी आहे: मार्क फिशर यांच्या संकल्पनेसाठी मराठी प्रतिशब्द

नमस्कार. सोलापुरात आम्ही काही वाचक सध्या ब्रिटिश सांस्कृतिक विचारवंत मार्क फिशर (१९६८–२०१७) यांचे २००९ सालचे ‘कॅपिटलिस्ट रिअलिझम’ वाचत आहोत. भांडवलशाहीला पर्याय असू शकतो अशी कल्पनासुद्धा करता येऊ नये इतकी ती मनात मुरली आहे, आणि नैराश्यासारखा सामाजिक प्रश्न एकेकट्या माणसाच्या माथी मारला जातो, हे त्यांचे विवेचन बंद गिरण्यांच्या या शहरात फारच जवळचे वाटले. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या एका सदस्याने तर तो भाग दोनदा वाचायला लावला. अडचण शब्दाची आहे. ‘भांडवली वास्तववाद’ म्हटले की साहित्यातला वास्तववाद आठवतो आणि मुद्दा निसटतो. कोणी नेमका प्रतिशब्द सुचवू शकेल का?