जुन्या फ्लॉपीतल्या मराठी फाईली परत मिळतील का?

रानवाट
नमस्कार मंडळी, बाबांनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, १९९७-९८ च्या सुमारास रत्नागिरीत एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या, वह्या नंतर पावसात गेल्या, आता जे काय आहे ते साडेतीन इंची फ्लॉप्यांमध्येच. यूएसबीचा फ्लॉपी ड्राईव्ह मागवलाय. एक घातली तर विंडोज विचारतंय फॉरमॅट करायची का, दुसरी उघडली पण वर्डमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. काहींच्या आत पांढरट डाग दिसतात. ओव्या सांगणाऱ्यांपैकी आता कुणीच नाही, म्हणून जेवढं निघेल तेवढं हवंय. सुरुवात कुठून करू?

जुनापीसी
फॉरमॅटला नाहीच म्हणा! पहिला सेक्टर (चकतीवरचा छोटा कप्पा) वाचता आला नाही तरी विंडोज हेच विचारतं, आतल्या फाईली शाबूत असू शकतात. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही.

आणि डागवाल्या आत्ता अजिबात घालू नका. ती बुरशी आहे, कोकणातल्या दमट हवेत हे होतंच, ती ड्राईव्हच्या हेडला (वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. पत्र्याचं झाकण सरकवून, मागची चकती बोटाने हळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच वाचा.

बिटबाय
फाईल फाईल कॉपी करत बसू नका, आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाईलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरा, ते चांगले भाग आधी उचलतं, खराब सेक्टरची नोंद ठेवतं आणि नंतर पुन्हा तिथेच प्रयत्न करतं. १.४४ एमबीचीच तर इमेज, तिच्या दोन-तीन कॉप्या ठेवा, पुढची सगळी खटपट कॉपीवर. काही सेक्टर अडले तर तीच नोंद-फाईल घेऊन दुसऱ्या ड्राईव्हवर चालवा, हेडची जुळणी प्रत्येक ड्राईव्हची थोडी वेगळी असते त्यामुळे एकाने सोडलेलं दुसरा वाचतो, हे खरंच होतं.

डीटीपीवाल्याकडे जुना मॅक असेल तर ८०० केबीच्या मॅक फ्लॉप्या यूएसबी ड्राईव्हवर वाचल्या जात नाहीत, त्या खराब समजून टाकू नका. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचा बोर्ड आणि जुना आतला ड्राईव्ह लागतो.

काना_मात्रा
ती इंग्रजी अक्षरांवाली फाईल बिघडलेली नाहीये, उलट तीच तुमची सगळ्यात चांगली फाईल! तेव्हा मराठीसाठी युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग) वापरात नव्हतं, श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या पॅकेजांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नाही म्हणून असं दिसतंय. मजकूर सिलेक्ट करून फॉन्टच्या चौकटीत नाव बघा, त्या नावाचा फॉन्ट टाकला की ओव्या दिसतील. मग त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरने युनिकोड करा, मूळ फाईल मात्र वर्डमध्ये सेव्ह करू नका. पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी जातात, त्यामुळे प्रत्येक ओळ मूळ फॉन्टमधल्या मजकुराशी ताडून बघावीच लागेल, आणि बोलीतले शब्द स्पेलचेकच्या नादाने बदलू नका प्लीज.

रानवाट
खूप आभार. फॉन्टचं नाव श्री-देव ने सुरू होतंय. डागवाल्या बाजूला ठेवल्यात, आज स्वच्छ असलेल्यांच्या इमेज काढतोय.

काना_मात्रा
मग श्रीलिपीच. पूर्ण नाव, शेवटच्या आकड्यांसकट, इथे टाका, कोणता कन्व्हर्टर चालेल ते सांगते.