२०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी: मागे पडलेल्यांत सगळ्यात लायक कोण होतं?

घाटमाथा (धागाकर्ता)

२०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकांचा विषय निघाला की बायडन, सँडर्स, वॉरन यांच्यापुढे कुणी जातच नाही. जून २०१९ ला मायामीत पहिली डिबेट झाली तेव्हा दोन रात्री मिळून वीस जण स्टेजवर होते, तरी काही बाहेरच राहिले. स्टेजवर यायचं तर तीन पोलमध्ये निदान १ टक्का, नाहीतर ६५ हजार वेगवेगळ्या लोकांकडून देणगी अशी अट होती. देणगी एक डॉलरची असली तरी चालायची, त्यामुळे फेसबुकवर जाहिराती टाकून एकेक डॉलर गोळा करणं हाच अर्धा प्रचार होऊन बसला. मला त्याचा अजून राग येतो.

त्या गर्दीतले तिघं घ्या. स्टीव्ह बुलक, मोंटानाचे गव्हर्नर: २०१६ ला ट्रम्प तिथे २० टक्क्यांनी जिंकले आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर हे डेमोक्रॅट असून पुन्हा निवडून आले, त्याच्या आदल्या वर्षी तर रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाकडून मेडिकेडचा म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा विस्तार मंजूर करून घेतला होता. दुसरे जे इन्स्ली, वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर. हवामान बदल हा एकच मुद्दा धरून उभे राहिले, आणि नुसतं बोलणं नव्हतं, २०४५ पर्यंत राज्याची सगळी वीज स्वच्छ स्रोतांतून आणायचा कायदा त्यांनी प्रचार चालू असतानाच केला.

तिसरे मायकेल बेनेट, कोलोरॅडोचे सिनेटर, आणि माझ्या मते तिघांत हेच वरचढ. मुलं असलेल्या घरांना दरमहा रोख पैसे मिळावेत म्हणून हा माणूस दुसरे सिनेटर शेरॉड ब्राऊन यांच्याबरोबर २०१७ पासून बिल घेऊन बसला होता. भाषण रंगवता येत नाही, टीव्हीवर थकल्यासारखा दिसतो, न्यू हॅम्पशरमध्ये अर्धा टक्काही मतं पडली नाहीत. पण २०२१ मध्ये जवळपास तीच कल्पना कायद्यात आली, सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ३६०० डॉलर, मोठ्याला ३०००, आणि त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. योजना वर्षभरातच बंद पडली आणि २०२२ ला आकडा १२.४ वर गेला. असा माणूस अर्धा टक्का मतांवर घरी जातो, हे मला पटत नाही.

रोखठोक

पटलं नाही. ह्याच नियमांखाली पीट बुटिजेज पण होते ना! साउथ बेंड म्हणजे लाखभर वस्तीचं गाव, तिथला महापौर, जानेवारी २०१९ ला त्यांचं आडनाव नीट उच्चारता येणारे शोधावे लागले असते. वर्षभरात त्यांनी आयोवात, म्हणजे सगळ्यात आधी मतदान होणाऱ्या राज्यात, सगळ्यात जास्त डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) घेतले. १९७६ ला जिमी कार्टरना कोण ओळखत होतं? आयोवात लोकांच्या घरी मुक्काम करत फिरले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. काम चांगलं असणं वेगळं आणि ते लोकांच्या गळी उतरवणं वेगळं. गावात बंधारा बांधला म्हणून सरपंचकी मिळत नाही, दारोदार जावंच लागतं.

आणि बुलकांचं एवढं कौतुक करताय तर पुढचंही सांगा. नोव्हेंबर २०२० ला ते त्याच मोंटानातून सिनेटला उभे राहिले आणि दहा टक्क्यांनी पडले.

घाटमाथा

बुलक पडले हे खरं, लिहायला हवं होतं. पण कार्टरांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं हो, त्यांना कुणी ६५ हजार देणगीदारांची यादी मागितली नव्हती, घरोघर फिरायला वेळ मिळाला म्हणून ते वर आले. बुलक मोंटानाचं अधिवेशन संपेपर्यंत थांबले, मेडिकेडचं नूतनीकरण करून घेतलं आणि मे महिन्यात उतरले, तर पहिल्या डिबेटचं दारच बंद. आपलं काम सोडून पळाला नाही ह्याची शिक्षा झाली.

इन्स्लींचं तर अजून वाईट. सप्टेंबरच्या ह्यूस्टन डिबेटला अट वाढवून १ लाख ३० हजार देणगीदार आणि चार पोलमध्ये २ टक्के केली. देणगीदार त्यांनी जमवले! पोल अडले, आणि तेही पक्षाने मान्य केलेल्या संस्थांचेच पोल धरायचे. फक्त हवामानावर एक डिबेट घ्या म्हणून मागे लागले होते, पक्षाने तेही नाकारलं. २१ ऑगस्टला बाहेर पडले.

मक्याचं कणीस

मी आयोवात डे मॉईनला राहते, ३ फेब्रुवारी २०२० च्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या सभेला, स्वतः गेले होते. शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा एकेक कोपरा, तिथे जाऊन उभं राहायचं आणि मोजदाद. १५ टक्क्यांखाली असलात तर तुमचा गट मोडतो, मग बाकीचे येऊन तुम्हाला ओढतात. बेनेटांच्या नावाने कुणीच नव्हतं. घाटमाथा, तुमचा राग कळतो, पण आमच्याकडे ते सगळे येऊन गेले होते हो. जॉन डेलनी तर २०१७ पासून फिरत होते, राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्या (जिल्हे) पालथ्या घातल्या, आणि कॉकसच्या तीन दिवस आधी माघार घेतली. वेळ मिळाला की लोक ऐकतात हे काही खरं नाही.

मला मागे पडलेल्यांत अँड्र्यू यांग मोलाचे वाटतात. कुठलंही पद नाही, सुरुवातीला नाव कुणाला माहीत नाही, आणि प्रत्येक प्रौढाला महिन्याला १००० डॉलर ही एकच गोष्ट सांगत फिरले, पण ती माझ्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर चर्चेला आली, घरी सासूबाईंनी पण विचारलं की खरंच देणार का. बेनेटांचं बिल कितीही बरं असलं तरी त्यावर कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

नदीकाठ

कॅस्ट्रोंचं नाव कुणीच कसं घेत नाही? हुलियन कॅस्ट्रो, सॅन अँटोनियोचे महापौर, मग ओबामांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खातं, म्हणजे अनुभव बुटिजेजपेक्षा कितीतरी जास्त. परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा धरू नये, दिवाणी बाब धरावी, ही मागणी मायामीच्या स्टेजवर त्यांनी रेटली आणि दुसऱ्या रात्री बहुतेकांनी त्यावर हात वर केले. मुद्दा पटो न पटो, चर्चा त्यांनी वळवली.

आणि रोखठोक, दारोदार जायचं म्हणता, पण कुणाच्या दारी? पहिली दोन राज्यं आयोवा आणि न्यू हॅम्पशर, दोन्ही बहुतांश गोरी. कॅस्ट्रो हे तिथे उभं राहून उघड बोलले, त्याला हिंमत लागते. २ जानेवारीला ते बाहेर पडले आणि १४ तारखेच्या डिबेटला स्टेजवर सहाच्या सहा गोरे. २०२४ ला पक्षाने मतदानाच्या क्रमात काळे मतदार बरेच असलेलं साउथ कॅरोलायना पहिलं केलं, तेव्हा कॅस्ट्रो बरोबर होते हे कळलंच ना.

रोखठोक

कॅस्ट्रोंच्या राज्यांच्या क्रमाबद्दलच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण ह्यूस्टनला बायडनना "आत्ताच बोललेलं विसरलात का" ह्या सुरात त्यांनी टोकलं ते मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं, वयस्कर माणसाशी असं बोलत नाहीत.

घाटमाथा

मक्याताई, तुमच्या जिममधल्या यांगच्या कोपऱ्यात किती जण होते? आणि गट मोडल्यावर गेले कुठे?

मक्याचं कणीस

आठ. तिघं बुटिजेजकडे गेले, दोघी एमी क्लोबुशार ह्या दुसऱ्या उमेदवाराकडे. उरलेले तिघं कॉलेजची पोरं, सगळे येऊन समजावत होते पण कुणाकडेच गेले नाहीत, जॅकेटं घातली आणि बर्फात बाहेर पडले.