‘वखारवाले’ आणि ‘राज्यपाल’ : हे शब्द चालतील का?

प्रश्न : अमेरिकेतील मिशिगन राज्याचे हेन्री हॉवलंड क्रेपो (१८०४–१८६९) यांच्यावर मी छोटा चरित्रलेख लिहीत आहे. ते लाकडाच्या धंद्यात होते, फ्लिंट शहराचे महापौर झाले, पुढे राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि १८६५ ते १८६९ या काळात गव्हर्नर होते. त्यांना ‘वखारवाले’ आणि ‘राज्यपाल’ म्हणावे का? घरात शब्दकोश नसल्यामुळे अडलेले शब्द टिपून या माणसाने लहान वयात स्वतःचा हस्तलिखित कोश केला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. तेव्हा त्यांच्याबाबत तरी शब्द चुकायला नको.

उत्तर : ‘वखारवाले’ अपुरा आहे. वखार म्हणजे माल साठवण्याची व विकण्याची जागा. इंग्रजांची सुरतेची वखार त्याच अर्थाची. आपल्या गावातला वखारवाला ठेकेदाराकडून आलेले वासे, फळ्या, तुळया घनफुटावर विकतो. क्रेपो यांनी मात्र पाइनचे उभे जंगलच विकत घेतले, ओंडके फ्लिंट नदीतून वाहून आणले, स्वतःच्या सॉ मिलमध्ये ते कापले आणि तयार माल बाहेर नेण्यासाठी फ्लिंट ते हॉली हा रेल्वेमार्गही उभारला. तोडीपासून विक्रीपर्यंतचा हा सगळा पसारा ‘लाकूड-उद्योजक’ या शब्दात मावतो. ‘लाकूडतोड्या’ तर मुळीच नको. तो कुऱ्हाड चालवणारा मजूर.

‘राज्यपाल’ला माझा अधिक आक्षेप आहे. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि ते सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, तर तिकडचा गव्हर्नर मतदारांनी निवडलेला, प्रत्यक्ष कारभार हाकणारा प्रमुख असतो. गावांनी व शहरांनी कर्ज काढून रेल्वे कंपन्यांना पैसा पुरवावा, अशा आशयाची विधेयके क्रेपो यांनी १८६७ मध्ये नकाराधिकार वापरून अडवली. स्वतः रेल्वे उभारलेल्या माणसाने हे करावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणि ‘राज्यपालांनी विधेयके अडवली’ असे लिहिले, तर आपल्या वाचकाच्या मनात भलताच वाद उभा राहील.

प्रश्नकर्ता : मग ‘मुख्यमंत्री’ लिहावे का?

उत्तर : नको. मुख्यमंत्री विधानसभेतल्या बहुमतावर टिकतो, गव्हर्नरची निवडणूक स्वतंत्र होते. ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘लोकनियुक्त’ हे विशेषण जोडावे. ‘राजकारणी’ टाळलेला बरा, कारण हल्ली तो टोमण्याच्या सुरातच वापरला जातो. ‘मिशिगनमधील लाकूड-उद्योजक आणि त्या राज्याचे लोकनियुक्त गव्हर्नर’ एवढे पुरेसे आहे.