घाट, खिंड की नुसतं 'पास'?

गेल्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डच्या जुन्या रस्त्याने गाडी चालवली. त्याबद्दल लिहायला बसले आणि दुसऱ्याच वाक्यात अडले. तिकडे ज्याला 'पास' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? 'घाट' लिहिलं की खंडाळा आठवतो, 'खिंड' लिहिलं की पावनखिंड.

— ताई, दोन्ही शब्द लागतील, पण आपापल्या जागी. घाट म्हणजे चढणीचा सगळा रस्ता. 'घाट लागला', 'घाट संपला' असं आपण बोलतो ते म्हणूनच. खिंड ही दोन डोंगरांमधली तेवढीच अरुंद वाट. 1660 मध्ये बाजीप्रभूंनी अडवून धरली ती घोडखिंड. शिवाय आपला बोरघाट कोकणातून चढला की वर देश पसरलेला. पलीकडे तेवढंच उतरावं लागत नाही. आल्प्समध्ये एका बाजूच्या ऐरोलो गावाहून चढलात की पलीकडे आंडरमाट गावाकडे उतरावंच लागतं. म्हणून 'घाट चढून खिंडीत पोचलो आणि पलीकडचा घाट उतरलो' असं लिहा.

दादा, रस्त्याला घाट हे एकदम पटलं. पण वर सुमारे 2,100 मीटरवर खिंडीसारखं काहीच वाटत नाही. मोकळी जागा, लहान लहान तळी, जुनी दगडी धर्मशाळा. तिथे उभं राहून 'खिंडीत पोचलो' म्हणवत नाही.

— मग सरळ 'माथा' म्हणा. 'घाटमाथा' मात्र नको, त्याने आपल्याकडे अख्खा मुलूख डोळ्यांपुढे येतो.

माथाच लिहिते. आता वळणांचं. ऐरोलोच्या बाजूला त्रेमोला नावाचा टप्पा आहे, 24 वळणांचा, ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांनी बांधलेला. दुसऱ्या गिअरमध्ये चाकांखाली सारखी घरघर, आणि प्रत्येक वळणावर खालच्या वळणाची दगडी भिंत दिसते. यांना 'नागमोडी वळणं' म्हणू?

— नागमोडी हा अख्ख्या रस्त्याचा आकार. एकेका वळणाला घाटातले ड्रायव्हर 'हेअरपिन'च म्हणतात, तेच ठेवा.

आणि तिथली शांतता? 1980 मध्ये जवळपास 17 किलोमीटरचा बोगदा झाला, घाईची वाहतूक तिकडे गेली. माथ्यावर जाणाऱ्यांनाही दुसरा रुंद रस्ता आहे. त्रेमोलावर अर्ध्या तासात मला तीन सायकलस्वार भेटले, बस्स. 'निर्जन' लिहिलं तर भीती वाटते, 'सुनसान' हिंदी वाटतं.

— 'निवांत' लिहा. रस्ता निवांत असला की चालवणाराही निवांत होतो, आणि मराठीत दोघांना हा एकच शब्द चालतो.