'शंका'ला इंग्रजीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल : संध्याकाळी आठवी-नववीच्या चार मुली माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात. त्यातल्या एकीनं ऑनलाइन वर्गाच्या ब्रिटिश बाईंना लिहिलं, 'आय हॅव अ डाउट इन युअर लेसन.' बाईंनी उलट विचारलं, धड्यातलं नेमकं काय चुकलंय असं तुला वाटतं? पोरगी रडवेली झाली. तिला फक्त 'सिन्स' आणि 'फॉर'मधला फरक हवा होता. मी 'डाउट' खोडून 'क्वेश्चन' लिहायला लावलं. आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय. ते म्हणाले, आपल्याकडे सगळे असंच बोलतात, खोडू नकोस. तुम्ही काय सांगाल? आणि 'दोन वर्षांपासून', '2023पासून' दोन्हीकडे मराठीत 'पासून'च येतं, ते मुलींना कसं समजावता?

कृष्णाकाठ : काकांचं बरोबर आहे. सगळ्या क्लासेसमध्ये 'डाउट' विचारतात, 'डाउट' सोडवतात. हॉस्टेलात माझी तमिळ मैत्रीणही असंच म्हणायची, तिच्या भाषेत 'संदेगम्'. म्हणजे ही फक्त मराठी मुलांची चूक नव्हे.

जुनीपाटी : आपल्याकडे चालतं हे खरं, पण पत्र इंग्लंडला गेलं होतं. मी वर्गात क्रियापदावर बोट ठेवायची. शंका 'येते' तिथे 'सस्पेक्ट', शंका 'घेतो' तिथे 'डाउट', शंका 'विचारतो' तिथे 'क्वेश्चन'. मराठीत नाम एकच, सगळं काम क्रियापद करतं. इंग्रजीत शब्दच बदलावा लागतो. मुलांना हे एकदा दिसलं की पुन्हा चुकत नाहीत.

कृष्णाकाठ : मग 'डाउट खाणे'चं काय? 'तो माझ्यावर डाउट खातो' हे आता अस्सल मराठी आहे!

जुनीपाटी : बोलण्यात असेल. माझ्या वहीत नाही.

सांजवात : मुळात इथे 'शंका' तरी कशाला? माझी आजी अभ्यासाला बसवायची तेव्हा विचारायची, 'काय अडलंय?' तिनं 'काही शंका?' असं कधीच विचारलं नाही. 'मला इथे अडलंय' म्हणजे सरळ 'आय ॲम स्टक हिअर'. त्या मुलीनं एवढंच लिहिलं असतं तर बाईंचा गैरसमज झालाच नसता. घरातला शब्द सोडून संस्कृत धरला आणि त्यावरून 'डाउट' बेतला, तिथेच घोळ झाला.

तळटीप : संस्कृतला दोष देऊ नका. 'शंका'त आधीपासून भीतीही आहे, म्हणून तर 'निःशंक' म्हणजे निर्भय. 'आशंका'तही तीच. आणि गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत 'डाउट'ही असाच होता. त्याच्या नाटकातला हॅम्लेट पहिल्या अंकात 'आय डाउट सम फाउल प्ले' म्हणतो, तेव्हा काहीतरी काळंबेरं असल्याची त्याला धास्ती वाटते. आजच्या अर्थानं वाचलं तर वाक्य उलटंच होतं. अकरावीत मी ते तसंच उलटं लिहून आलो होतो.

मांडवीपार : गोव्यात आम्ही कोंकणीत 'दुबाव' म्हणतो. काहीजण तो पोर्तुगीज 'दूविदा'शी जोडतात. मला तो 'दुभाव' वाटतो, मनात दोन भाव.

तळटीप : 'डाउट' ज्यावरून आला त्या लॅटिन 'दुबितारे'च्या मुळाशीही 'दोन'च आहे. त्यातला 'बी' दाखवण्यासाठी इंग्रज पंडितांनी 'डाउट'मध्ये तो घुसडला, त्याआधी शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवाय आला होता. 1598मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' नाटकातला होलोफर्नीस हा शाळामास्तर तर तो 'बी' उच्चारायचा हट्ट धरतो. लोकांच्या जिभेनं काही तो घेतला नाही.

सांजवात : मग शुद्धतेच्या हट्टानं काय मिळालं? चारशे वर्षं पोरं स्पेलिंगला मार्क घालवताहेत. आपण निदान मराठी शुद्धलेखनाच्या 1962च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले.

जुनीपाटी : ते काढले याचं मला अजून वाईट वाटतं. माझ्या वडिलांच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' असायचं. 'पाच'मागे 'पंच' आहे, हे त्या टिंबावरून कळायचं.

सांजवात : बाई, ते टिंब कुठे द्यायचं हे पाठ करता करता माझ्या आईची शाळा सुटली. ती हुशार होती.

पाटीपेन्सिल : 'अडलंय' मुलींना फार आवडलं, आज चौघींनी वहीत लिहून घेतलं. पण 'पासून'चं कुणीच सांगितलं नाही.

कृष्णाकाठ : आधी वाक्य फिरवून घ्या. 'दोन वर्षं झाली' म्हणता येतं, तिथे 'फॉर'. '2023 झालं' म्हणता येत नाही, तिथे 'सिन्स'.

मांडवीपार : 'दिवाळी झाली' म्हणता येतं की!

जुनीपाटी : किती झालं ते मोजता आलं पाहिजे. 'दोन वर्षं' मोजता येतात. आणि सांजवात, टिंबानं कुणाची शाळा सुटत नाही, त्यापायी बसणाऱ्या छडीनं सुटते. मी कधी छडी उचलली नाही.